शरदिनीबाईंची हरकत

नागपूरहून अन्नछत्राच्या ट्रस्टचे चिटणीस विश्वेश आले ते सामान खाली ठेवून थेट वर आले. चहा घेतला, शरदिनीबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग म्हणाले, "मास्तर, अन्नछत्र विकायचं ठरलंय. हॉटेलवाले घेतायत. पाडून नवीन बांधतील."

पंच्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. उन्हं खिडकीतून आत आली होती. देवदत्त मास्तरांनी कप खाली ठेवला.

संकठा घाटाच्या वरच्या अंगाला ही चुनारच्या दगडाची इमारत होती. काशीला आलेल्या यात्रेकरूला दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून मराठेशाहीत कुणा सरदाराच्या विधवेनं ती बांधली होती. खाली खांबांचं लांब दालन, तिथं पंगती बसत. वर धान्याच्या कोठीच्या खोल्या. पंगती कधीच बंद झाल्या, कोठीही रिकामी झाली, आणि त्या खोल्यांत मास्तर भाडेकरू म्हणून राहू लागले. लग्न होऊन शरदिनीबाई इथंच आल्या, मुलगी मुक्ता इथंच वाढली आणि लग्न होऊन लखनौला गेली. एका इंटर कॉलेजात इतिहास शिकवून मास्तर नुकतेच निवृत्त झाले होते.

"पाडता येणार नाही," मास्तर म्हणाले. "दोनशे वर्षांची इमारत आहे ही."

"कुठल्या कायद्यानं पाडता येणार नाही?"

विश्वेशांनी हे खोचकपणे विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहिती हवी होती. मास्तरांनी आयुष्यभर मुलांकडून कुठला घाट कुणी बांधला हे पाठ करून घेतलं. पण तो पाडायला कुणी आलं तर त्याला कशाच्या आधारानं अडवायचं, हे कधी त्यांच्याही मनात आलं नव्हतं.

"तुम्हाला दुसरीकडे जागा बघून देऊ," विश्वेश उठताना म्हणाले. "ट्रस्टकडे हिची डागडुजी करायचीसुद्धा ताकद राहिलेली नाही, मास्तर. तुम्हाला ठाऊक आहे ते."

मास्तरांना ठाऊक होतं.

त्यानंतर मास्तरांच्या चकरा सुरू झाल्या. एका कार्यालयात कळलं की केंद्राचं पुरातत्त्व खातं फक्त राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू हाती घेतं, आणि अन्नछत्राला तो दर्जा मिळणं अवघड. दुसऱ्या कार्यालयात कळलं की तिथं नव्या बांधकामाचे नकाशे मंजूर होतात. जुनं वाचवणं हे त्यांचं काम नव्हे. तिसऱ्या ठिकाणी साहेब दौऱ्यावर होते. मास्तर दुपारी घामानं भिजून परतत, धोतर झटकून पलंगावर बसत. शरदिनीबाई पाण्याचा तांब्या पुढं सरकवत.

शेवटी राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात त्यांना नीरजा पंत भेटल्या. पस्तिशीच्या आसपासच्या, मूळच्या झाशीच्या. वडील रेल्वेत होते, त्यामुळं बोलण्यात हिंदी जास्त. पण मास्तरांचं आडनाव ऐकून त्या मराठीवर आल्या.

"सर, सगळे इथंच चुकतात," त्या म्हणाल्या. "जुनं असणं वेगळं आणि संरक्षित असणं वेगळं. वास्तू कितीही जुनी असो, सरकारनं अधिसूचना काढून तिला संरक्षित म्हणून जाहीर केलं नाही, तोपर्यंत कायद्याच्या नजरेत ती फक्त कुणाची तरी मालमत्ता."

"मग जाहीर करा."

नीरजाबाई हसल्या, पण थकलेल्या होत्या. "मी प्रस्ताव पाठवीन. आधी पाहणी, मोजमाप, फोटो. मग लखनौ. तिथं पटलं तर पहिली अधिसूचना. ती इमारतीवर लावायची, हरकती मागवायच्या. कुणीही हरकत घेऊ शकतं. सुनावणी होते. मग शेवटची अधिसूचना."

"आणि तोवर कुणी पाडली तर?"

त्यांनी पंख्याकडं पाहिलं. वीज गेली होती. "तोवर पळत राहायचं, सर. इतकंच सांगू शकते."

"जाहीर झाल्यावर मालकी सरकारकडं जाते?"

"नाही. मालक ट्रस्टच. राहणारे राहतात. फक्त पाडायचं नाही, आणि आम्हाला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही. खिळासुद्धा विचारून ठोकायचा असं समजा."

मास्तर त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हलक्या पावलांनी घरी आले. आज कुणीतरी नीट समजावून सांगितलं होतं, आणि शिक्षकाला तेवढंही पुरतं. त्यांनी शरदिनीबाईंना सगळं सांगितलं. बाई तांदूळ निवडत होत्या.

"खिळासुद्धा?" त्यांनी विचारलं.

"बोलण्याची पद्धत असते एकेकाची."

"आणि माझी न्हाणी?"



अन्नछत्राचा संडास आणि न्हाणी मागच्या चौकात होती, उंच दगडी पायऱ्या उतरून. तरुणपणी त्या पायऱ्यांचं काही वाटलं नाही. आता दोन्ही गुडघे गेले होते, आणि आदल्या पावसाळ्यात बाई तिथंच घसरून पडल्या होत्या. मनगटाचं हाड मोडलं होतं. तेव्हा मास्तरांनी ट्रस्टकडून परवानगी आणली होती. स्वयंपाकघरापलीकडे दालनाच्या वर नदीकडं उघडणारा एक लहान सज्जा होता. त्याची दगडी जाळी काढायची, विटांची भिंत घालायची, आत संडास-न्हाणी, आणि पाइप दालनाच्या खांबाला धरून खाली सोडायचा. गवंडी येऊन बघून गेला होता. दिवाळीनंतर करू, संक्रांतीनंतर करू, असं करता करता ते राहिलं होतं.

"आता इमारतच राहते की नाही ते बघू दे," मास्तर म्हणाले. "मी एका हातानं अर्ज करायचा आणि दुसऱ्या हातानं जाळी फोडायची, हे बरं दिसतं का?"

"बरं नाही दिसत," बाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

मार्चमध्ये नीरजाबाई पाहणीला आल्या. बरोबर फोटोग्राफर होता. दालनातले खांब, कोनाडे, वरची कोठी, सगळं त्यांनी हळूहळू पाहिलं. सज्ज्यातल्या जाळीपाशी त्या थांबल्या. एकाच दगडात कोरलेली वेल होती, तिच्या फटींतून नदीवरचा उजेड भिंतीवर पडला होता. "ही फार सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "प्रस्तावात हिचा मोठा फोटो लावू."

शरदिनीबाई भिंतीला धरून चहा घेऊन आल्या. "तिथं न्हाणी करायची होती आम्हाला," त्यांनी सरळ सांगितलं. "करता येईल का?"

मास्तरांनी मान दुसरीकडं वळवली.

नीरजाबाईंनी कप हातात घेतला, बाईंच्या पायांकडं पाहिलं. "खोटं कशाला सांगू, काकू. जाळी काढून तर नाहीच. दुसरीकडे कुठं जमलं तर अर्ज करावा लागेल, आणि त्याला वेळ लागेल."

"किती?"

"ते मला सांगता यायचं नाही."

प्रस्ताव लखनौला गेला. मास्तर मुक्ताला एसटीडी बूथवरून फोन करून सांगत, "जरा त्या सचिवालयात जावयांना चौकशी करायला सांग." जावई एकदोनदा जाऊन आले. फाइल आहे, एवढंच कळलं.

मे महिन्यात, मास्तर नीरजाबाईंच्या कार्यालयात गेले असताना, हॉटेलवाल्याची माणसं पहारी घेऊन आली. त्यांनी दालनाच्या बाहेरच्या कठड्याचे दगड उचकटायला सुरुवात केली. शेजारचा काशीनाथ दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंचे विधी करायला गेला होता. इमारतीत शरदिनीबाई एकट्याच होत्या. आवाज ऐकून त्या बसत बसत, एकेक पायरी हातांनी चाचपत खाली आल्या. दालनाच्या दारात घडवंची ओढून बसल्या. मुकादम म्हणाला, "माताजी, हट जाइए." बाई म्हणाल्या, "हम हट नहीं सकते बेटा, घुटना काम नहीं करता. तुम लोग उठा के रख दो." कुणीही त्यांना हात लावला नाही. माणसं बिड्या ओढत थोडा वेळ उभी राहिली आणि ऊन चढल्यावर निघून गेली.

मास्तर आले तेव्हा बाई तिथंच बसल्या होत्या. घसा कोरडा पडला होता, कारण पाणी वर होतं. मास्तर आधी चौकीवर धावले. ठाणेदारानं विचारलं, "संरक्षित असल्याचा कागद आहे?" नव्हता. मग धावत परत आले आणि बाईंना धरून वर नेलं. अर्ध्यावर थांबून दोघं पायरीवर बसली.

"वाचवलंस तू आज," मास्तर म्हणाले.

"माझं स्वयंपाकघर वर आहे," बाई म्हणाल्या. "ते खाली आलं असतं. दुसरं काय करणार होते मी?"

माणसं पुन्हा आली नाहीत. विश्वेशांनी नागपूरहून पत्र पाठवून कळवलं की हा प्रकार ट्रस्टला विचारून झालेला नव्हता. मास्तरांना ते खरं वाटलं.

पहिली अधिसूचना जूनच्या अखेरीस आली. खात्याच्या शिपायानं ती दालनाच्या खांबाला चिकटवली. मास्तरांनी चष्मा पुसून ती उभ्यानं तीनदा वाचली. काशीनाथनंही वाचली. काशीनाथ आणि मास्तर लहानपणापासूनचे मित्र, दोघांच्या मुंजी एकाच मांडवात झालेल्या. काशीनाथच्या घराची आणि अन्नछत्राची एक भिंत सामाईक होती.

"म्हंजे या भिंतीला मी हात लावायचा तर खात्याला पुछावं लागणार?" काशीनाथ म्हणाला.

"सामाईक भिंत आहे. विचारावं लागेल."

"अरे, माझ्या पोराचं, विश्वनाथचं लगन ठरलंय दिवाळीनंतर. भिंतीवरून खोली चढवायची होती. तुला मालूम होतं ना?"

"मालूम होतं."

"एकदा तरी बोलायचं होतंस, देवदत्ता," काशीनाथ म्हणाला. त्यानंतर तो बोलेनासा झाला. सकाळी घाटावर समोरासमोर आले तरी नदीकडं बघत पुढं जाई.

सुनावणी ऑगस्टमध्ये नीरजाबाईंच्या कार्यालयात होती. मास्तर स्वच्छ कपडे करून निघू लागले तेव्हा शरदिनीबाईही पातळ बदलून बसलेल्या दिसल्या.

"मलाही यायचंय," त्या म्हणाल्या.

"कशाला? त्रास होईल."

"होऊ दे. मल्लाहांना सांगून ठेवलंय."

घाटावर नाव चालवणाऱ्या दोन मल्लाहांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. पुढं रिक्षा. मास्तरांना वाटलं, मे महिन्यात काय घडलं त्याची साक्ष द्यायला येत असेल. त्यांना बरंही वाटलं.

खोलीत ट्रस्टच्या वतीनं विश्वेश आणि वकील होते, मागं काशीनाथ. वकिलांनी ट्रस्टची अडचण मांडली. काशीनाथनं भिंतीचं सांगितलं. बोलताना त्याचा आवाज चढला आणि मग तो एकदम खाली बसला. नीरजाबाईंनी पुढचा कागद उचलला, वाचला, आणि क्षणभर मास्तरांकडं पाहिलं.

"पुढची हरकत शरदिनी देवदत्त. राहणार, वरचा मजला."

मास्तरांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती खुर्चीच्या हातावर भार देऊन उभी राहायचा प्रयत्न करत होती.

"बसूनच बोला, काकू."

"इमारत चांगली आहे," शरदिनीबाई म्हणाल्या. "पाडू नये असंच माझंही म्हणणं आहे. मी स्वतः दारात बसले होते. पण तुमच्या कागदात खांब आहेत, जाळी आहे, कोनाडे मोजलेत. आम्ही तिथं राहतो हे कुठंच नाही. मला संडासला जायला पायऱ्या उतराव्या लागतात. चढायला त्याहून वेळ लागतो. यांनी पावसात तिथं दोर बांधलाय. मी दिवसभर पाणी कमी पिते. हे कुणीतरी लिहून घ्यावं, म्हणून हरकत घेतली."

विश्वेशांनी मान खाली घातली.

"काकू," नीरजाबाई सावकाश म्हणाल्या, "कायदा मला एकच प्रश्न विचारायला सांगतो. ही वास्तू जपण्यासारखी आहे की नाही. तिथं राहणाऱ्याला काय त्रास पडतो, हा प्रश्न त्यात नाही. तुमची हरकत मी लिहून घेईन. पण तिच्यामुळं निर्णय बदलणार नाही."

"बदलू नकाच. नुसतं लिहा."

नीरजाबाईंनी लिहिलं. लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

परतताना मैदागिनच्या गर्दीत रिक्षा अडली.

"मला सांगायचं होतंस," मास्तर म्हणाले.

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही नकाशा बघत होतात."

"चारचौघांत…"

"तुमच्याविरुद्ध नव्हतं ते," बाई म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "थोडं होतं."

मास्तरांना राग आला होता, पण तो टिकवून धरायचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. ते रिक्षावाल्याच्या भिजलेल्या पाठीकडं बघत राहिले. ही बाई पाणी कमी पिते, हे त्यांना आज सरकारी कार्यालयात कळलं होतं.

शेवटची अधिसूचना हिवाळ्यात निघाली. हॉटेलवाल्यानं व्यवहार सोडला. नागपूरच्या ट्रस्टचाही त्यातला रस गेला; विश्वेशांचं येणं बंद झालं. मास्तरांनी न्हाणीसाठी अर्ज केला. जाळीला हात न लावता, कोठीच्या मागच्या खोलीत, पाइप बाहेरच्या बाजूनं. उत्तर आलं की बाहेरच्या दर्शनी भागावर पाइप चालणार नाही, पर्यायी आराखडा द्यावा. त्यांनी पर्यायी आराखडा दिला. तो लखनौला गेला. नीरजाबाईंनी दोनदा स्मरणपत्र पाठवलं. मग त्यांचीच बदली होण्याच्या गोष्टी कानावर आल्या.

पुन्हा पावसाळा आला. छत गळू लागलं. डागडुजीचा अंदाज खात्यानं मागवला होता, पण मंजुरी नव्हती, आणि स्वतःहून चुना लावायचा तर तोही विचारूनच. मास्तरांनी खोलीत बादली ठेवली होती. पायऱ्यांवरून पाणी वाहत असलं की शरदिनीबाई संडासासाठी तिचाच उपयोग करत. मास्तर ती झाकून खाली नेत, धुऊन परत आणत. एकदा बादली घेऊन उतरताना त्यांचाच पाय सटकला. ते खांबाला धरून सावरले, पण बादली दालनभर सांडली. त्यांनी चौकातून पाणी आणून दालन धुतलं. धुऊन झाल्यावर त्याच ओल्या फरशीवर बसून राहिले. दालन खरंच सुंदर होतं. पावसाळी उजेडात खांब काळेभोर दिसत होते. एवढ्या वर्षांत ते इतके थकून कधी त्याच्याकडं पाहत बसले नव्हते.

वर जाऊन ते म्हणाले, "आपण जाऊ या इथून."

शरदिनीबाईंनी विचारलं, "कुठं?"

"महमूरगंजला एक तळमजला आहे. बँकेतल्या माणसाचा. काल बघून आलो."

"मला न विचारता?"

"आत संडास आहे," मास्तर म्हणाले.

बाई हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चौतीस वर्षांचा संसार त्या इमारतीत झाला होता. जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मल्लाह घाईत होते.

नव्या घरात खिडकीतून दुसऱ्या घराची भिंत दिसे. नदी नव्हती, घंटा ऐकू येत नसत. पण शरदिनीबाई आपल्या आपण उठून जाऊ लागल्या. उन्हाळ्यात पोटभर पाणी पिऊ लागल्या. मास्तर सकाळी अंगणात वर्तमानपत्र घेऊन बसत आणि बहुतेक वेळा ते वाचत नसत.

एक दिवस नीरजाबाईंचा निरोप आला की खात्याचा फलक उद्या लागणार आहे, सरांनी यावं. त्यांची बदली झालीच होती. निघण्यापूर्वीचं हे शेवटचं काम. मास्तरांना जावंसं वाटत नव्हतं.

"जा," बाई म्हणाल्या. "नाहीतर दिवसभर इथं बसून सुस्कारे टाकाल."

ते गेले. निळा फलक दालनाच्या बाहेर सिमेंटमध्ये रोवला गेला. त्यावर लिहिलं होतं की ही वास्तू संरक्षित आहे, आणि जो कोणी तिला नुकसान पोचवील, तिच्यावर काही लिहील, किंवा तिच्यात बदल करील तो शिक्षेस पात्र होईल. कुणी बांधली, कशासाठी बांधली, इथं किती माणसं जेवून गेली, यातलं काही नव्हतं. नीरजाबाई म्हणाल्या, "तो दुसरा फलक असतो. त्याला वेगळी मंजुरी लागते." मग त्यांनी वाकून मास्तरांना नमस्कार केला आणि गेल्या.

मास्तर उभे होते. वरच्या खोल्यांना कुलूप होतं. शेजारच्या दारातून काशीनाथ बाहेर आला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो थेट त्यांच्याकडं बघत होता.

"चहा पिणार?"

"पिईन."

दोघं काशीनाथच्या ओट्यावर बसले. सून चहा ठेवून आत गेली. घरात जागा कमी असल्याचं दिसतच होतं. ओट्यापर्यंत गाठोडी आली होती.

"वहिनी कशी आहे?"

"बरी आहे. चालते घरातल्या घरात."

"अन् तू?"

मास्तरांनी खांदे उडवले.

काशीनाथनं कप खाली ठेवला. "खोलीचं पुछायला वकिलाकडं गेलो होतो. तो म्हणतो, अर्ज करा. कसला अर्ज, कुणाकडे, काय लिहायचं, काही सांगत नाही. सगळं अंग्रेजीत बोलतो." थोडं थांबून तो म्हणाला, "तुला तर सगळा कायदा पाठ झालाय आता."

मास्तरांनी सामाईक भिंतीकडं पाहिलं. मग वर, काशीनाथच्या छपराकडं. बराच वेळ पाहिलं.

"भिंतीवर भार घेऊ नकोस," ते म्हणाले. "तुझ्या बाजूला दोन खांब उभे कर, त्यांच्यावर खोली घे. भिंतीपासून थोडं अंतर सोड. आणि उंची अन्नछत्राच्या गच्चीच्या कठड्याच्या खाली ठेव. मग त्यांना नाही म्हणायला कारण उरणार नाही. तरी वेळ लागेलच."

"किती?"

"ते सांगता यायचं नाही."

काशीनाथनं आत हाक मारून सुनेकडून कोरे कागद आणि पाट मागवले. मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, गुडघ्यावर पाट ठेवला आणि अर्जाच्या वर तारीख घातली.